तिसरं पान

११ सप्टेंबर २०२०, शुक्रवार

आज अविधवा नवमी. आई सवाष्ण गेली, म्हणून पितृपक्षातली ही तिथी तिची. खरं तर हे माहेरच्यांनी करायचं. पण माहेरी आता कुणी उरलेलं नाही आणि फेल्डहोवनसारख्या डच गावात मला नियम शिकवायला कोण येतंय! गेली दहा वर्षं या दिवशी मी जवळच्या न्यूनेनहून माझ्या मैत्रिणीला, शोभाला, जेवायला बोलावते, तिची ओटी भरते, साडी देते. यंदा ती नवऱ्याच्या काळजीने म्हणाली, "मालिनी, या करोनात घरात यायला नको गं. उल्हासला दमा आहे." मग मीच खीर, वडे, आमटी असा डबा भरला आणि गाडी काढली. ओटी तिच्या दारातच भरली. तिने पदर पुढे केला आणि मी लांबूनच तांदूळ टाकले. निम्मे पायपुसण्यावर सांडले. दोघींना हसू आलं आणि मग हसल्याचं वाईट वाटलं.

निघताना शोभाने नेहमीचा प्रश्न विचारलाच. "इतक्या लहान वयात काय झालं होतं गं तुझ्या आईला?" दर वर्षी हाच प्रश्न आणि दर वर्षी माझं तेच उत्तर, कावीळ. ही बाई विसरते की मुद्दाम विचारते, देव जाणे.

आई अडतिसाव्या वर्षी गेली. मी तेव्हा चौदाची होते. जयसिंगपूरहून तिला मिरजेच्या दवाखान्यात नेलं होतं. परत आल्यावर मावशीने तिच्या ब्लाउजला डाव्या बाजूला आतून जुन्या धोतराची जाड घडी शिवून दिली. ते ब्लाउज वाळत घालायचं काम माझं. आतली बाजू कुणाला दिसू द्यायची नाही, अशी ताकीद होती. पुढे सात वर्षांनी मावशीही तशीच गेली. कावीळ फार वाईट.

घरी आले तर ताटाशेजारी पत्र ठेवलेलं. इथे पन्नाशीनंतर सगळ्या बायकांना छातीच्या तपासणीला बोलावतात, गावात त्यासाठी बस येऊन उभी राहते. मार्चपासून ते बंद होतं, आता पुन्हा सुरू झालंय. सतीश म्हणाला, "जाऊन ये एकदा." (तोंडावर मी त्याला अहो म्हणते. वही माझी आहे, इथे सतीश.) मागचं पत्रही त्याने असंच ताटाजवळ ठेवलं होतं. हेही मी त्याच ड्रॉवरमध्ये टाकलं.

२० सप्टेंबर, रविवार

इथल्या मराठी मंडळाच्या महिला विभागाची प्रमुख म्हणून माझ्याकडे आज एक मुलगी आली. अश्लेषा नाव, जळगावची. मुळात डॉक्टर आहे, इथल्या विद्यापीठात संशोधन करते. ती बागेच्या त्या टोकाला बसली, मी या टोकाला, त्यामुळे दोघींना मोठ्याने बोलावं लागत होतं. आणि विषय काय, तर स्तनाचा कर्करोग! शेजारच्या कुंपणापलीकडे डच आजोबा गुलाब छाटत होते. त्यांना मराठी कळत नाही हे ठाऊक असूनही मी प्रत्येक वेळी तिकडे बघत होते.

"काकू, मागच्या पाहणीला भारतीय बायका किती आल्या होत्या, सांगू? चार," ती म्हणाली. "मग आपल्याकडच्या बाईला किती धोका आहे, हे इथले डॉक्टर गोऱ्या बायकांच्या आकड्यांवरून ठरवतात. आणि आजार झाल्यावर उपचार करण्यापेक्षा तो आधीच रोखता आला, तर बरं नाही का?"

चार पानांचा फॉर्म आहे. पहिल्या दोन पानांवर नाव, वय, खाणंपिणं, मुलंबाळं. तिसऱ्या पानावर घरातल्या बायका: आई, मावशी, आजी, आत्या, बहीण. कुणाला हा आजार झाला, कितव्या वर्षी झाला. ज्यांच्या घरात असेल त्यांचं रक्त घेणार आणि त्या पंचवीस-तिशीच्या असल्या तरी दर वर्षी तपासणीला बोलावणार. "तिसऱ्या पानावरच सगळं अवलंबून आहे," ती दोनदा म्हणाली.

तिला फॉर्म बायकांना मराठीतून समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं. मी करते म्हटलं. मला फार बरं वाटलं, लपवत नाही. या देशात येऊन सतरा वर्षं झाली आणि भजी-समोसे सोडून माझ्याकडे कुणी काही मागायला आलं नव्हतं. ती गेल्यावर तिसरं पान परत एकदा वाचलं. परक्या माणसांना काय करायच्यात असल्या चौकशा?

२८ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर फोनवर. कान गरम झाला. एकीला वाटतं, पर्मिटचं नूतनीकरण करताना हे कागद बाहेर काढतील. दुसरी म्हणाली, नवऱ्याला विचारते. तिसरी म्हणे, सगळं धडधाकट असताना त्या रोगाचं नाव तरी कशाला काढायचं. चौथीच्या नणंदेचं लग्न ठरायचंय. "आमच्या घराण्यात काही आहे असं कागदावर आलं, तर कोण करेल तिला?" मला ते पटलं. आमच्या लेकीच्या, मीनलच्या लग्नाचंही बोलणं चाललंय. मुलगा पुण्याचा, अपूर्व, तिच्यासारखाच इथून तासाभरावरच्या कापेलला नोकरीला. मुलाची आई भारी चौकस आहे.

शेवटी शोभाचा फोन. ती चाचरत होती. "अगं, ते तिसरं पान..."

"त्याचं मी बघते," मी म्हटलं.

"तू काय लिहिणारेस त्यात?"

"माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही."

ती म्हणाली, "मग माझ्याकडेही नाही."

११ ऑक्टोबर, रविवार

एक्केचाळीस! गणपतीच्या आरतीलाही पडद्यावर एवढ्या जणी जमल्या नव्हत्या, तेवढ्या आज फॉर्म भरायला आल्या. न्यूनेन, फेल्डहोवन, आइंडहोवन, पार कापेलपर्यंतच्या. काहींच्या मुलीही होत्या, पंचविशीच्या, तिशीच्या. अश्लेषाला मी मुद्दाम बोलावलं नव्हतं. तुझ्यासमोर आमच्या बायका मोकळेपणाने बोलणार नाहीत, असं तिला सांगितलं. तिने लगेच मान्य केलं. गुणी आहे पोर.

पहिली दोन पानं झकास झाली. वजनाच्या रकान्यावर जो काही हशा पिकला! मग तिसरं पान उघडलं आणि एकेकीचा कॅमेरा बंद व्हायला लागला. चौकटीत नुसती नावं उरली. मला वाटलं, आता निम्म्या निघून जातील आणि नाक माझं कापलं जाईल. म्हणून मी सांगितलं, "हे बघा, आपल्या माहेरच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायची काही गरज नाही. या पानावर सगळीकडे 'नाही' अशी खूण करा आणि चौथं पान उघडा. कुणी तपासायला येत नाही." एकेक कॅमेरा परत सुरू झाला. सगळ्यांचे चेहरे सैल पडले होते. "मालिनीताई, तुम्ही होतात म्हणून," असं किती जणी म्हणाल्या.

मी माझाही फॉर्म भरला. तिसऱ्या पानावर पाच रकाने, पाच खुणा.

१२ ऑक्टोबर, सोमवार

मीनलचा फोन. ती काल ऑफिसच्या कामात होती, आज फॉर्म एकटीनेच भरत होती. या मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत देते. अकराव्या वर्षापासून इथेच आहे, तिला तरी काय बोलायचं.

"आई, व्हॉट डिड आजी डाय ऑफ? तुझी आई?"

"कावीळ."

"अँड हर सिस्टर?"

"तीच."

"बोथ? जॉन्डिस? दॅट्स सो वीअर्ड."

मी म्हटलं, तिकडचं पाणी वाईट होतं. ती हसली आणि म्हणाली, ओके, देन इट्स ऑल नो. फोन ठेवल्यावर बाबांची आठवण झाली. आईच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून तीनदा म्हणायला लावलं होतं. कुणी विचारलं तर काय सांगशील? कावीळ. मोठ्याने सांग. कावीळ. तुझं लग्न व्हायचंय, विसरू नकोस. मी कधी विसरले नाही.

३ डिसेंबर, गुरुवार

अश्लेषाचा फोन, आवाज अगदी कोरडा. "काकू, मीनल धरून बेचाळीस जणी. त्यांच्या आई, मावश्या, बहिणी धरल्या तर दोनशेच्या वर बायका होतात. आणि त्यांत एकीलाही नाही? असं कुठल्याच गावात होत नाही हो."

"आमच्या घरांतून खाणंपिणं साधं असतं," मी म्हटलं. मग जरा चढ्या आवाजात हेही म्हटलं, की एवढ्या बायका गोळा करून दिल्या, तर आता तू आम्हाला खोटं ठरवतेस का?

"तसं नाही. तुमच्यामुळेच त्या आल्या. पण मला कागदावर जे येतं तेच धरावं लागतं. सगळ्यांना पत्र जाईल की धोका कमी आहे, सध्या वेगळ्या तपासणीची गरज नाही. एकदा पुन्हा विचारून बघता का?"

नाही विचारणार, म्हटलं. फोन ठेवला आणि भांडी आपटत घासली. सतीश वर मीटिंगमध्ये होता, खाली येऊन उभा राहिला. भांडी पुसू लागला.

१७ जानेवारी २०२१, रविवार

मीनलचा साखरपुडा, पडद्यावर. तिकडे अपूर्वचे आईवडील पुण्यात, इकडे आम्ही. एका वेळी दोनच पाहुणे चालतात, म्हणून मीनल आणि अपूर्व एवढेच आले. मी पेढे केले होते, ते आम्हीच चौघांनी खाल्ले. लग्न डिसेंबरमध्ये पुण्याला, तोवर विमानं सुरळीत झाली तर.

विहीणबाईंनी गोड हसत विचारलं, "घरात कुणाला काही नाही ना? म्हणजे डायबेटिस, बीपी, तसलं काही?"

"काही नाही," मी म्हणाले.

मीनल मध्येच हसून म्हणाली, "आय हॅव इट इन रायटिंग, काकू." आणि तिने फोनमधलं पत्र सगळ्यांना दाखवलं. सगळे हसले. सतीश पाणी आणायला उठला तो बराच वेळ आलाच नाही.

६ मार्च, शनिवार

मीनल दोन दिवस राहायला आली आहे. लग्नाच्या ब्लाउजची मापं घ्यायची होती, पुण्याच्या शिंप्याला पाठवायला. टेप घेऊन उभी राहिले तर ही चुळबुळ करायला लागली. डाव्या बाजूने टेप गेली तशी एकदम मागे सरकली. "गुदगुल्या काय करून घेतेस लहान मुलासारख्या, सरळ उभी राहा," मी ओरडले. तिने दात आवळले आणि उभी राहिली. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस. बारीक झाली आहे. लग्न ठरलं की मुली बारीक होतात.

जेवताना म्हणाली, इथे हुइसार्ट्सची (फॅमिली डॉक्टरची) वेळ मिळत नाही, सगळे लशींच्या मागे आहेत. तुला कशाला हवाय डॉक्टर, विचारलं. "नथिंग, आई."

२२ मे, शनिवार

लिहिते, नाहीतर आज डोकं फुटेल.

मीनलला गाठ आहे. डाव्या बाजूला. तिला फेब्रुवारीतच हाताला लागली होती. फेब्रुवारीत! मी मापं घेत होते तेव्हा ती होती, माझ्या टेपखाली. मी विचारलं, अगं बोलली का नाहीस, दाखवलं का नाहीस? तर फोनवर अगदी शांतपणे म्हणाली, "आय वॉज लो रिस्क, आई. आय हॅड द लेटर." हुइसार्ट्सला फोन केला होता, वेळ सहा आठवड्यांनी मिळत होती. पत्र वाचून तिने ती वेळ घेतलीच नाही. आता दुखायला लागलं तेव्हा गेली. त्यांनी त्याच दिवशी पुढे पाठवलं, सुईने तुकडा काढून घेतला. मंगळवारी एक तारखेला बोलावलंय. घरचं कुणीतरी एकच बरोबर चालेल. ती म्हणाली, "यू कम."

साधी असेल. तिशीच्या आत साध्याच गाठी असतात असं कुठेतरी वाचलं होतं. दिवसभर मी तेवढंच एक वाक्य घोकतेय.

२६ मे, बुधवार

सकाळी सतीश संत्रं सोलत होता. मी समोर बसले आणि म्हटलं, "अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय. माझी आई काविळीने गेली नाही." एकतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं.

त्याने संत्र्याची साल ताटलीच्या कडेला ठेवली. "माहितेय मला."

"काय माहितेय?"

"मिरजेचे डॉक्टर आमच्या मोरेश्वरकाकांचे स्नेही होते. लग्नाच्या आधीच घरी कळलं होतं. आई जरा कुरकुरली. बाबा म्हणाले, मुलगी चांगली आहे."

मला राग आला की हसू, कळलं नाही. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू कावीळ म्हणायचीस. मला वाटलं, तुला तसं म्हणून बरं वाटतं." मग तो म्हणाला, "ती पत्रं ठेवत होतो की ताटाजवळ."

पत्रं ठेवत होता! साखरपुड्यात पाणी आणायला गेला, तेही तेच. मी त्याच्यावर ओरडले, तुम्ही तरी मीनलला सांगायचं होतं. तो म्हणाला, "तुझी आई. सांगायचं तर तू सांगायचंस, असं वाटलं." त्याचे डोळे भरले. मी त्याला जवळ घेतलं नाही. मला त्याची भयंकर चीड आली होती आणि त्याहून जास्त माझी.

ज्यांच्यापासून लपवलं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं फक्त मीनलला.

१ जून, मंगळवार

कर्करोग आहे. काखेतही पोचलाय.

आता खरं ते लिहिते. माझी आई स्तनाच्या कर्करोगाने गेली. मावशीही. हे शब्द मी आजवर या वहीतसुद्धा लिहिले नव्हते. लपवायचं कुणापासून होतं इथे?

डॉक्टर तरुण होता. मास्कच्या वर नुसते डोळे. मीनल त्याच्याशी डचमध्ये बोलत होती, ताठ बसून, जशी ऑफिसात बोलत असेल. मला डच येतं ते बाजारहाटापुरतं, पण आई आणि आजी हे शब्द कळतात. त्याने विचारलं, तिने मान हलवून नाही म्हटलं. तो ते टंकायला लागला.

तेव्हा मी बोलले. माझ्या मोडक्या डचमध्ये म्हणाले, माझी आई. मग म्हणाले, माझ्या आईची बहीण. मग वयं सांगितली. अडतीस. पंचेचाळीस. आकडे मला बाजारामुळे पक्के येतात. डॉक्टरचे हात थांबले. त्याने मीनलकडे बघितलं, मीनलने माझ्याकडे. मग त्याने आधीचं खोडलं आणि पुन्हा टंकलं.

मी मीनलला म्हटलं, त्याला विचार, फेब्रुवारीत आलो असतो तर? ती विचारेना. मग मीच विचारलं. तो म्हणाला, आता पुढचं बघू.

गाडीपाशी आलो. तिने मास्क काढला. किल्ली हातात धरून उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, स्पष्ट, एकेक शब्द:

"मी तुला विचारलं होतं, आई."



४ जुलै, रविवार

मीनल उपचारांसाठी इकडे राहायला आली आहे, वरच्या खोलीत. खोलीचं दार लावून घेते. सतीश ताट वर नेतो, मी नेलं तर परत येतं. अपूर्व दर शनिवारी येतो, तिच्याजवळ लॅपटॉप घेऊन बसतो. चांगला मुलगा आहे. विहीणबाईंचा फोन महिनाभर नव्हता. काल आला. लग्नाची तारीख धरू नका म्हणाल्या. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, हे कळतं म्हणून जास्त लागलं.

गेल्या महिन्यात अश्लेषाला फोन करून सगळं सांगितलं. मीनलचं, माझं, त्या रविवारचं, पाच खुणांचं. मला वाटलं ती ओरडेल. तिने ओरडायला हवं होतं. ती म्हणाली, "काकू, म्हणजे बाकी चाळीस जणींनाही मी ते पत्र पाठवलंय." मग म्हणाली, "मी परत फॉर्म पाठवेन. पण त्या मला खरं सांगणार नाहीत. तुम्ही सांगितलंत तर कदाचित."

सांगते म्हटलं. तीन आठवडे होत आले म्हणून काल तिने पुन्हा विचारलं. मंडळाचा ग्रुप उघडते, दोन ओळी लिहिते, पुसते. चाळीस बायका मला ताई म्हणतात. उद्यापासून काय म्हणतील?

३० सप्टेंबर, गुरुवार

आज नवमी. सकाळी स्वयंपाकाला लागायच्या आधी ग्रुपवर लिहून टाकलं. वर्षभर घाबरले, लिहायला चार मिनिटं लागली.

"माझी आई आणि मावशी स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. मी ते सगळ्यांपासून लपवलं. माझ्या मुलीपासूनही. आता मीनलला झालाय. ऑक्टोबरमध्ये मी तुम्हाला तिसऱ्या पानावर नाही लिहायला सांगितलं, ते चूक होतं. ज्यांना आलेलं पत्र खोट्या उत्तरावर आलंय, त्यांनी ते फाडून टाका आणि फॉर्म पुन्हा भरा. मालिनी."

अर्ध्या तासात सदतीस जणींनी वाचलं. ग्रुपवर कुणी एक अक्षर लिहिलं नाही. साडेदहाला एकीने खाली कोथिंबिरीच्या वड्यांचा फोटो टाकला. पण माझ्या एकटीच्या नंबरवर एकेक निरोप यायला लागला. "माझी आई." "मोठी बहीण, आत्ता बरी आहे." "आत्या आणि चुलत आत्या." "ताई, प्लीज डिलीट करा, सासूबाई ग्रुपवर आहेत." दुपारपर्यंत अकरा झाले. अकरा! त्यातल्या दोघींनी मुलींची नावं लिहिली होती आणि पुढे प्रश्नचिन्ह.

शोभा यंदा घरी जेवायला आली. लस झाली आहे, तरी खिडकी उघडी ठेवली. पाटावर बसली, मी वाढलं. तिने खिरीला हात लावला नाही. पदराशी खेळत बसली. ती आज नेहमीचा प्रश्न विचारणार नव्हती, म्हणून मीच विचारलं. "तू दर वर्षी का गं विचारायचीस मला?"

"तू सांगशील म्हणून," शोभा म्हणाली. "माझी धाकटी बहीण, शामला. अकरा वर्षं झाली तिला जाऊन. मी इथे सगळ्यांना हार्ट म्हणून सांगितलंय. मला वाटायचं, मालिनीच्या आईलाही तेच असणार. ती एकदा बोलली की मी बोलेन. एकटीला धीर होत नव्हता गं."

मी वाढणं थांबवलं. भात हातातच राहिला.

"माझ्या लेकीलाही ते पत्र आलंय," ती म्हणाली. "गरज नाही म्हणून."

मग ती रडायला लागली आणि मीही. दहा वर्षं आम्ही दोघी एकमेकींची वाट बघत बसलो होतो. ओटी भरताना माझा हात तिच्या हाताला लागला, यंदा तांदूळ सांडले नाहीत.

शोभा गेल्यावर मीनल खाली आली. डोक्याला रुमाल, अंगात सतीशचा स्वेटर. माझ्यासमोर बसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. वाटीत थोडी खीर घेतली, दोन चमचे खाल्ली. मग अश्लेषाने पाठवलेला नवा फॉर्म मागितला आणि तिसरं पान काढलं.

"आजीचं नाव काय?" मराठीत.

आपल्या आजीचं नाव तिला माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं, नाव सांगितलं की पुढचे प्रश्न येतील म्हणून. "सुमती," मी म्हटलं. तिने लिहिलं. सुमती, अडतीस. मग "मावशीआजी?" कुसुम, पंचेचाळीस. मग तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे एकोणतीस. आजी आणि तिच्यामधली ओळ माझी. तिथे तिने मालिनी लिहिलं आणि पुढचा रकाना कोरा ठेवला. ड्रॉवरमधली दोन पत्रं मी आज बाहेर काढून ठेवली आहेत. उद्या सव्वानऊला मला रक्त द्यायचंय.

तिने फॉर्म घडी करून पाकिटात घातला. मी हात पुढे केला. म्हटलं, दे, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते.

"नको," मीनल म्हणाली. "मी टाकते."

सतीश बरोबर निघाला तर त्यालाही नको म्हणाली. बूट घालायला तिला बराच वेळ लागला. मी खिडकीशी उभी राहिले. पेटी इथून दिसते, चार घरं सोडून. जाऊन यायला तिला पंचवीस मिनिटं लागली.